घाट उतरण्याआधी ब्रेकची विचारपूस

आज गाडीच्या ब्रेकबद्दल बोलू या. तुम्ही म्हणाल, गाडी चालवतो ड्रायव्हर, दुरुस्त करतो मिस्त्री, आम्हाला काय त्याचे? पण बाजाराला जाताना पिकअपमध्ये भाजीच्या जाळ्यांवर कोण बसते? लावणीला, खुडणीला जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने कोण बसते? आपणच ना? मग ब्रेक कसा लागतो आणि कधी लागत नाही, हे आपल्यालाही कळायला हवे.

मी तालुक्याच्या गावी आमचे गॅरेज सांभाळते. पाना हातात घेऊन काम करते आणि हिशोबही बघते. हल्ली गाड्यांचे वेड असलेली तरुण पोरे येतात आणि मोबाईलवर चित्र दाखवून म्हणतात, “मावशी, रेसच्या ट्रॅकवर वापरतात तसले ब्रेक पॅड बसवून द्या. लई जबरदस्त ब्रेक लागतो.” त्यांना जे सांगते, तेच आज तुम्हालाही सांगते.

आधी ब्रेक म्हणजे काय ते बघू. चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, तिला डिस्क म्हणतात. आपण पेडल दाबले की नळीतल्या ब्रेक ऑईलवर दाब येतो आणि दोन्ही बाजूंचे पॅड त्या चकतीला चिमटीत पकडल्यासारखे आवळतात. मागच्या चाकांना बहुधा ड्रम असतो, त्यात लायनर आतून घासतो. दोन्हीकडे काम एकच, घासणे. थंडीत आपण तळहात एकमेकांवर चोळतो तेव्हा हात गरम होतात ना, तसेच. गाडीचा वेग कुठे गायब होत नाही, त्याची उष्णता होते.

ती उष्णता किती? महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट हजार मीटरपेक्षा जास्त खाली येतो. माणसे आणि माल धरून दोन टनांची जीप हजार मीटर नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर एवढी उष्णता तयार होते की तिच्यावर साठ लिटर पाणी उकळेल. सकाळी अंघोळीला बंब पेटवणाऱ्या बाईला साठ लिटर म्हणजे काय ते सांगायला नको. तेवढा सगळा जाळ त्या चार चाकांपाशी, हाताच्या पंजाएवढ्या पॅडवर आणि लायनरवर!

आणि वेगाचे गणित तर आणखी कडक आहे. तीसच्या वेगाने जाणारी गाडी थांबवायला जेवढी उष्णता होते, तिच्या चौपट साठच्या वेगाला होते. वेग दुप्पट, जाळ चौपट.

ब्रेक फार तापला की दोन प्रकारे दगा देतो. पहिला प्रकार म्हणजे पॅड तापून त्याची पकड सुटते. पेडल पायाला कडक लागते, ड्रायव्हर जीव खाऊन दाबतो, पण गाडी थांबत नाही. जळका, उग्र वास येतो. दुसरा प्रकार ब्रेक ऑईल उकळण्याचा. हे ऑईल हवेतले पाणी ओढून घेते, जसे पावसाळ्यात उघडे राहिलेले मीठ ओढते. नवे ‘डॉट ४’ ऑईल २३० अंशांपर्यंत तरी उकळू नये, असा दर्जाचा नियम आहे. पाणी शिरलेल्या जुन्या ऑईलसाठी हाच आकडा १५५ वर येतो. ऑईल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल भसकन खाली बसते आणि चाकापर्यंत दाब पोचतच नाही. म्हणून डब्यातली पातळी बरोबर असली तरी साधारण दोन वर्षांनी हे ऑईल बदलायचे असते. दोन वर्षे जुने तळणाचे तेल आपण कढईत ठेवू का?

आता त्या पोरांच्या ट्रॅकच्या पॅडकडे येते. रेसच्या गाड्या पुन्हा पुन्हा प्रचंड वेगावरून एकदम हळू कराव्या लागतात. त्यामुळे तिथले पॅड खूप तापल्यावर पकड धरतील असेच बनवलेले असतात. आपल्या रस्त्यावर ते तेवढे तापतच नाहीत. सकाळी घरातून निघालात, पहिल्याच वळणावर म्हैस आडवी आली, तर थंड पॅड नीट धरत नाही. शिवाय ते किंचाळतात, डिस्क लवकर खातात आणि महागही पडतात. पोरांची हौस चांगली आहे, त्या हौसेतूनच माणूस यंत्र शिकतो. पण ज्या गाडीत आजीला दवाखान्यात न्यायचे, तिला कंपनीने सांगितलेला पॅडच बरा. तो सीलबंद डब्यातला घ्यावा आणि पक्के बिल मागावे.

मग घाटात ब्रेक तापू नये म्हणून काय करायचे? उपाय फुकटचा आहे. खालचा गिअर. ज्या गिअरवर घाट चढतो, त्याच गिअरवर उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम. खालच्या गिअरवर इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ब्रेकवर सतत पाय ठेवून घासत राहायचे नाही. गरजेपुरता ठाम दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा, म्हणजे मध्ये त्याला गार व्हायला वेळ मिळतो.

काही ड्रायव्हर याच्या अगदी उलट करतात. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद केले तर ब्रेकला जोर देणारी यंत्रणाही थोड्या वेळात संपते, पेडल दगडासारखे होते. चार रुपयांच्या डिझेलसाठी वीस जणींचा जीव टांगणीला. असे दिसले की गप्प बसू नका. “भाऊ, गाडी गिअरमध्ये घ्या,” एवढे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. घाट उतरल्यावर तापलेल्या चाकांवर बादलीभर गार पाणी ओततात, तेही थांबवा. त्याने डिस्क किंवा ड्रम वाकडा होतो, तडकतोही. गाडी सावलीत अर्धा तास उभी राहू द्या.

चढासाठी वेगळा गिअर हवा आणि ब्रेकला वेगळे अस्तर हवे, हे फार पूर्वी एका बाईच्याच लक्षात आले होते. जर्मनीतल्या बेर्टा बेंझ यांनी ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याने बनवलेली मोटार, त्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइम गावाहून फोर्त्सहाइमला माहेरी नेली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी चांभाराकडून त्यावर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. आजच्या लायनरची ती सुरुवात मानतात. परत आल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, असे त्यांनी नवऱ्याला सुचवले. गाडी चालवणाऱ्या बाईला जे दिसले, ते बनवणाऱ्याला दिसले नव्हते.

आता गॅरेजबद्दल थोडे. ज्यांच्या घरचे कुणी गॅरेजात काम करते, त्यांनी हे नीट ऐका. ब्रेक खोलला की काळी धूळ निघते. ती हवा मारून उडवायची सवय सगळीकडे आहे. पण काही लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि भारतात त्यावर अजून सरसकट बंदी नाही. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि अनेक वर्षांनी कॅन्सरसारखे आजार होतात. ते कपड्यांवरून घरीही येतात. जगात अशा आजाराने गेलेल्यांमध्ये नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकाही आहेत. म्हणून ते कपडे झटकू नका. वेगळे ठेवा, आधी पाण्यात बुडवा, मगच धुवा. लेकराला त्या कपड्यांनिशी उचलून घेऊ देऊ नका.

आमच्या गॅरेजात आम्ही ब्रेकची धूळ पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसतो आणि ते फडके पिशवीत बांधून टाकतो. दुसरा नियम, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचे नाही. खाली लोखंडी स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे लावायचेच. तिसरा, खाली सांडलेले ऑईल लगेच पुसायचे. त्याच बोटांनी पॅडला हात लागला तर पॅड बाद. या सुधारणांना फार पैसा लागत नाही, शिस्त लागते.

शेवटी, गटाची गाडी ठरवताना ड्रायव्हरला विचारायचे चार प्रश्न लिहून घ्या. पॅड आणि लायनर शेवटचे कधी बघितले? नवा पॅड साधारण दहा मिलीमीटर जाड असतो, तीनवर आला की बदलायचा. ब्रेक ऑईल कधी बदलले? ब्रेक लावताना किर्र आवाज येतो का, गाडी एका बाजूला ओढते का? आणि घाट गिअरवर उतरवणार ना? उत्तर देताना जो चिडेल, त्याची गाडी घेऊ नका. भाडे आपण देतो आणि जीवही आपलाच असतो. हे चार प्रश्न येत्या बैठकीत वहीत उतरवा आणि दर वेळी गाडी सुटण्याआधी एकीने मोठ्याने वाचायचे, असे ठरवून टाका.