आधी चामडं ओळखावं



नवरात्राआधीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, कपाटाचे तळचे खण रिकामे होतात आणि त्यांत हमखास एखादी जुनी चामड्याची पर्स सापडते. आईची, मावशीची, सासूबाईंची. सगळा पावसाळा तिनं बंद कपाटात काढलेला असतो. अंगावर पांढुरकी बुरशी, पितळी कडीभोवती हिरवं किटण, ताठ झालेले बंद आणि आत कुबट वास. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, टाकून द्या. दुसरं म्हणतं, थांबा, खोबरेल तेल चोळून बघू.

माझं सांगणं या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. चांगल्या चामड्याची पर्स एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकते, म्हणून ती टाकू नये. पण तिला काही लावायची घाईही करू नये. जुन्या चामड्याचं जितकं नुकसान दुर्लक्षानं होतं, तितकंच ते घाईघाईच्या उपायांनी होतं. आपल्या हातात कोणतं चामडं आहे ते आधी ओळखावं आणि मग त्याला लागेल तेवढंच करावं.

चामडं म्हणजे मुळात जनावराची कातडी. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू तिच्यात एकमेकांत गुंतलेले असतात. कच्ची कातडी ओली राहिली तर कुजते, वाळली तर खडखडीत होते. ती कमावली, की तंतूंना स्थैर्य येतं आणि तिचं चामडं होतं. कमावण्याची जुनी रीत झाडांच्या सालीची. कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपला होतात त्या असल्याच चामड्याच्या. आपल्या माळरानांवर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड सगळ्यांच्या ओळखीचा आहे. दक्षिणेत त्याच्या सालीनं चामडं कमावत आणि ते मद्रासहून परदेशी जाई. ‘ईस्ट इंडिया लेदर’ या नावानं त्याची ख्याती होती. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली तिचं पेटंट घेतलं, १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती सोपी केली आणि आज जगातलं बहुतांश चामडं याच रीतीनं तयार होतं.

पर्स साफ करायला बसलेल्या माणसाला हा इतिहास उपयोगी पडतो. सालीनं कमावलेलं चामडं पाणी पटकन पितं, डाग धरतं, उन्हानं काळवंडतं. क्रोमचं चामडं पाण्याला आणि उष्णतेला जास्त दाद देत नाही, आणि त्यावर बहुधा रंगाचा पातळ थरही असतो. एकाला चालणारा उपाय दुसऱ्याला चालेलच असं नाही.

मग ओळखायचं कसं? पर्सच्या आत, शिवणीपाशी चामड्याची कापलेली कड दिसते का पाहा. कड तंतुमय असेल आणि मागची बाजू मखमली लागत असेल, तर ते खरं चामडं. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झीन. रेक्झीनचे पापुद्रे सुटायला लागले की त्यावर इलाज नाही. त्याच्या प्लास्टिकच्या थराचं हवेतल्या ओलाव्यानं विघटन होत असतं आणि कोणतंही क्रीम ते थांबवू शकत नाही. कड आतपर्यंत तपकिरी असेल तर चामडं बहुधा सालीचं. मधोमध निळसर राखाडी असेल तर क्रोमचं. यानंतर तळाशी, कोणाला दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब जिरला आणि जागा काळपट झाली, तर चामडं उघडं आहे, त्याला जपून हात लावायचा. थेंब तसाच राहिला तर वर थर आहे. शेवटी पांढऱ्या सुती कापडाचा किंचित ओला कोपरा तिथंच हलकेच घासा. कापडाला रंग लागला, तर त्या पर्सवर पाण्याचं कुठलंच काम करायचं नाही.

या शेवटच्या परीक्षेत हमखास सापडते ती शांतिनिकेतनची पर्स. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती आहे. दाबून उठवलेली फुलांची, वेलबुट्टीची नक्षी, लाल, हिरवे, पिवळे रंग आणि कडेनं चामड्याच्याच बारीक पट्टीचं विणकाम. रवींद्रनाथ टागोरांनी १९२२ साली शांतिनिकेतनजवळ श्रीनिकेतन ही संस्था सुरू केली. त्यांचे चिरंजीव रथींद्रनाथ आणि सूनबाई प्रतिमादेवी यांनी तिथं ही कला रुजवली, आणि पुढे आसपासच्या अनेक घरांचा संसार तिच्यावर चालला. आज या कलेला भौगोलिक मानांकनही आहे. नक्षीतले रंग हातानं भरलेले असतात आणि ओलाव्यानं ते पसरतात. म्हणून शांतिनिकेतनच्या पर्सला मऊ कोरडा ब्रश आणि कोरडं कापड, इतकंच पुरे. नक्षीच्या खाचांतली धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशनं काढावी. कडेची पट्टी सुटली असेल तर ती ओढून तोडू नये, मूळच्या भोकांतून हळूहळू परत ओवावी.

आता बुरशीकडे येऊ. हवेतला ओलावा साधारण सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की चामड्यावर बुरशी धरते, आणि मुंबई-कोकणात पावसाळाभर ओलावा त्याच्या वरच असतो. बुरशी घरात झटकू नये. तिचे कण उडून शेजारच्या वस्तूंवर आणि आपल्या छातीत जातात. तोंडाला मास्क लावावा, पर्स गच्चीत किंवा अंगणात न्यावी आणि वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशनं बुरशी आपल्यापासून लांब झटकावी. घरात कोणाला दमा असेल तर त्या व्यक्तीनं हे काम करू नये. मग पर्स पूर्ण उघडून, अस्तर बाहेर ओढून, सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस ठेवावी. कडक ऊन टाळावं, कारण उन्हानं चामड्यातला ओलावा आणि तेल दोन्ही जातं आणि रंग विटतो.

अंगावरचं पांढरं सगळं बुरशीच असतं असंही नाही. कधी चामड्यातलीच चरबी वर येऊन तिचा पांढरा थर धरतो. त्या जागी केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा क्षणभर लांबून द्या. चरबी असेल तर ती वितळून दिसेनाशी होते, मग कापडानं टिपून घ्यावी. बुरशी तशीच राहते, आणि तिला कुबट वासही असतो.

पितळी कड्यांभोवतीचं हिरवं किटण कसं येतं, हेही समजून घेण्यासारखं आहे. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात राहिला की कळकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पर्समध्येही साधारण तसंच घडतं. चामड्यातल्या तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळतात आणि मेणचट हिरवा पदार्थ तयार होतो. जितकं जास्त तेल चोळाल तितकं किटण वाढेल. ते दात कोरायच्या लाकडी काडीनं खरवडून काढावं आणि कोरड्या कापडानं पुसावं. चिंच, लिंबू किंवा पितळ उजळायची पावडर कड्यांना लावू नये. ती शेजारच्या चामड्यात मुरते आणि तिथं कायमचा डाग राहतो.

साबणाचंही तसंच आहे. चामड्याचा स्वभाव किंचित आम्लधर्मी असतो आणि आपला अंगाचा किंवा कपड्याचा साबण अल्कधर्मी. तो वारंवार लागला तर कमावलेल्या चामड्याची मूळची घडण बिघडते. थर असलेल्या चामड्याला घट्ट पिळलेलं पांढरं सुती कापड पुरतं. मळ फारच असेल तर चामड्यासाठी मिळणारं सौम्य क्लीनर. एकाच ठिकाणी घासत बसू नये. पूर्ण पाखा एका दिशेनं पुसून घ्यावा, म्हणजे डागाचं वर्तुळ उरत नाही. मखमली स्वेडला तर पाणी दाखवूच नये. ब्रश आणि साधं खोडरबर, यांवर भागवावं. अस्तरातला वास घालवायला खायचा सोडा वापरतात. तो थेट चामड्यावर न पसरता वाटीत घालावा आणि वाटी व उघडी पर्स एका बंद खोक्यात काही दिवस ठेवावी.

आता तेल. घरोघरी सगळ्यांत जास्त मतभेद इथं असतात, म्हणून ग्रंथालयांचा अनुभव सांगते. ‘ब्रिटिश म्युझियम लेदर ड्रेसिंग’ नावाचं एक मलम फार प्रसिद्ध होतं. लॅनोलिन, देवदार जातीच्या लाकडाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण हेक्झेनमध्ये विरघळवून ते करत. जुन्या चामडी बांधणीच्या पुस्तकांवर ते कित्येक दशकं लावलं गेलं. पण विसाव्या शतकाच्या अखेरीला जतनाचं काम करणाऱ्या तज्ज्ञांनी ही नेमानं तेल देण्याची प्रथा बहुतांशी सोडली. तेलानं चामडं गडद होतं, चिकट होतं, धूळ धरतं आणि पुढे तेच तेल जुनं होऊन घट्ट बसतं, हे त्यांना दिसून आलं होतं. वापरातल्या पर्सचे बंद रोज वाकतात, म्हणून त्यांना थोडा स्निग्धपणा लागतो हे खरं. त्यासाठी चामड्याचं चांगलं क्रीम घ्यावं आणि वाटाण्याएवढं क्रीम कापडावर घेऊन सगळ्या पर्सवर पातळ पसरावं. रात्रभर मुरू द्यावं, सकाळी कोरड्या कापडानं पुसून घ्यावं. वर्षातून एक-दोनदा एवढं पुरे. खोबरेल तेल, ऑलिव्ह तेल, केळ्याची साल यांपैकी काहीही नको. आणि बुटाचं रंगीत पॉलिश तर नकोच. पर्स काखेत असते, ते पॉलिश साडीला लागतं.

काही वेळा मात्र आपण हात आखडता घ्यायलाच हवा. सालीनं कमावलेलं फार जुनं चामडं कधी लालसर भुकटी सोडतं. बोट लावलं की बोट विटकरी होतं. तेल देऊन ते सुधारत नाही, उलट काळं पडून अधिक कडक होतं. लंडनच्या अथेनियम क्लबमधल्या चामड्याची अशीच नासाडी होऊ लागली, तेव्हा १८४३ साली मायकल फॅरेडे यांनी गॅसच्या दिव्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त धुराकडे बोट दाखवलं. आज तोच गंधक गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून येतो. चामड्यात आम्ल साचतं आणि तंतू आतून तुटत जातात. अशी पर्स पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी; ती वापरायचा हट्ट धरू नये. चामड्याला पडलेल्या चिरांचंही तेच. चीर म्हणजे तुटलेले तंतू. त्या बुजवता येतात, पण पुन्हा जुळवता येत नाहीत.

आणि काही काम आपलं नसतंच. उसवलेली शिवण, तुटलेला बंद, अडलेली चेन यांसाठी मोचीदादांकडे जावं. सरकारी कागदांत ज्यांना गटई कामगार म्हणतात, ते आपल्या चौकातल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसलेले असतात. त्यांच्या आरीला जुनी भोकं नेमकी सापडतात. त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्या: शिवण मूळच्या भोकांतूनच घाला, आणि दोरा मेणवून घ्या. नवं भोक पाडलं की जुनं चामडं तिथून फाटत जातं. जिथं चिकटवून भागेल तिथंही शिवूनच घ्यावं, कारण गोंद वाळला की चामडं ताठ होतं. आणि कामाचे पैसे देताना घासाघीस करू नये. बाजारात तीनशे रुपयांना रेक्झीनची नवी पर्स मिळते म्हणून या कारागिराच्या तासाभराच्या कामाची किंमत कमी होत नाही. असं काम येत राहिलं, तरच त्यांची पुढची पिढी आरी हातात धरेल.

शेवटी ठेवण्याविषयी. पर्स प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. जुन्या सुती साडीची पिशवी शिवून तिच्यात ठेवावी. आत पांढरा कागद किंवा धुतलेलं सुती कापड भरावं, म्हणजे आकार राहतो. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. बंद वाकवून न कोंबता सैल ठेवावेत. पेटंट लेदरची चकचकीत पर्स दुसऱ्या कशाला चिकटून ठेवू नये, ती शेजारचा रंग ओढून घेते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात तर त्या मधूनमधून बदला. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला कपाट तासभर उघडं ठेवा; ज्या दिवशी पाऊस उघडलेला असेल तो दिवस त्यासाठी निवडा. खोलीतली हवा खेळती ठेवल्यानं जेवढी चामडी वाचतात, तेवढी कुठल्याही क्रीमनं वाचत नाहीत.

श्रोतेहो, या वर्षीच्या आवराआवरीत एकच पर्स काढा. तिची कड पाहा, मागची बाजू पाहा, पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. ब्रश फिरवा, वारा द्या, आणि एवढ्यावर ती ठीक दिसू लागली तर तिथंच थांबा. आणि ठीक झालेली पर्स पुन्हा ट्रंकेत न टाकता अधूनमधून खांद्याला लावा. वापरात असलेली पर्स मोकळ्या हवेत येते, तिच्याकडे आपलं लक्ष राहतं, आणि बुरशीला किंवा किटणाला सुरुवात झाली तर ती वेळीच दिसते.