आत्याचीही विचारपूस



आनुवंशिक कर्करोगावरील या परिषदेसाठी आपण पनवेलला आलात. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

हा विषय या तालुक्याला परका नाही. खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र इथलेच. त्याचा वारसा १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरपर्यंत जातो. डॉ. वसंत रामजी खानोलकर तिथले पहिले संचालक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेल्या, मूळच्या पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध या देशात फार आधी ओळखला. या आनुवंशिकतेमागचे जनुक हाती यायला तेव्हा बराच अवकाश होता. १९९० मध्ये संशोधक मेरी-क्लेअर किंग यांनी असे एक जनुक १७व्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये बीआरसीए-१ सापडले आणि पुढच्याच वर्षी १३व्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२.

ही जनुके मुळात आपली राखण करतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ते बिनचूक सांधण्याच्या कामात त्यांची प्रथिने लागतात. जनुकात घातक बदल असेल तर ही दुरुस्ती बिघडू शकते आणि स्तनाच्या व बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. बीआरसीए-१ मध्ये असा बदल असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७० जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, असे मोठ्या अभ्यासात दिसले आहे. दुरुस्तीतील हीच उणीव हेरून ‘पार्प-रोधक’ ही कर्करोगावरची औषधे तयार झाली.

हा बदल आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो; प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आपण मात्र आजी आणि मावशीचे आजार विचारतो, आत्याचे विचारायचे राहून जाते.

आणखी एक गोष्ट पनवेलकर म्हणून सांगतो. कुष्ठरोग पिढीजात असतो, या समजुतीने घरेच्या घरे वाळीत पडली. १८७३ मध्ये हॅन्सन यांना त्याचा जंतू सापडला, तरी समजूत हटली नाही. अशा माणसांना आपल्या नेऱ्याच्या शांतिवन या संस्थेने आसरा दिला. आनुवंशिक कर्करोगात तर धोका खरोखरच पिढीजात आहे, म्हणून आपली जबाबदारी अधिक मोठी. जनुक-तपासणीचा कागद हाती आला म्हणून कुणा मुलीचे लग्न मोडता कामा नये. धोका आधी कळला तर नियमित तपासण्या करता येतात, वेळीच उपचार घेता येतात.

संशोधकांना माझी विनंती आहे : प्रत्येक जनुक-तपासणीआधी आणि नंतर त्या कुटुंबाशी मराठीत, निवांत आणि खासगीत बोला. पनवेलकरांनो, आज घरी गेल्यावर आई आणि वडील दोन्हीकडच्या नातेवाइकांचे आजार लिहून काढा आणि तो कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा.