उरलेल्या यकृताची वाढ



यकृताचा निम्म्याहून जास्त भाग काढला की दुसऱ्याच दिवशी नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, लिव्हर लवकर वाढायला एखादं टॉनिक?" असं टॉनिक नाही. आणि मदत करण्याची मोठी वेळ तोवर बरीचशी निघून गेलेली असते.

कापलेला लोब परत उगवत नाही. उरलेल्या भागातल्या पेशी विभागतात, तोच भाग मोठा होतो आणि शरीराला पुरेल इतकं वजन झालं की थांबतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ साली उंदरांचं दोन-तृतीयांश यकृत काढून पाहिलं. आठ-दहा दिवसांत वजन जवळपास भरून आलं. माणसाला काही महिने लागतात, पण बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते.

खरी गोम रक्तात आहे. यकृताकडे मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं, त्यातला पाऊण हिस्सा आतड्यांकडून पोर्टल व्हेनने. यकृत एक-तृतीयांश उरलं म्हणून आतडी कमी रक्त पाठवत नाहीत. धरणाचे बाकीचे दरवाजे बंद करून सगळं पाणी एकाच कालव्यात सोडावं, तसं होतं. या दाबातूनच पेशींना वाढीचा एक इशारा मिळतो. दाब हाताबाहेर गेला तर त्याच पेशी मरतात.

ऑपरेशननंतर आम्ही करतो ते साधंच. रुग्णाला लवकर खायला देतो, प्रथिनं तोडत नाही. वरण, अंडं, पनीर चालतं. "लिव्हरचा पेशंट, पचायला जड नको" म्हणून नुसत्या पेजेवर ठेवणं मला मुळीच पटत नाही. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं. ते भरून काढावं लागतं. जंतुसंसर्गावर डोळा ठेवतो. पाचव्या दिवशी काविळीचं माप असलेलं बिलिरुबिन लिटरमागे ५० मायक्रोमोलच्या वर आणि रक्त गोठण्याचं माप असलेलं प्रोथ्रॉम्बिन ५० टक्क्यांच्या खाली, असे दोन्ही आकडे एकदम आले तर प्रकरण गंभीर.

पण खरी तयारी आधीची. निरोगी यकृताचा २० ते २५ टक्के भाग उरला तर माणूस निभावतो. केमोथेरपी झाली असेल तर ३० आणि सिरोसिस असेल तर ४० टक्के तरी हवा. सीटी स्कॅनवर मोजून तेवढा भरत नसेल, तर जपानच्या माकुउची यांनी १९८०च्या दशकात रुळवलेली युक्ती वापरतात. कातडीतून सुई घालून, काढायच्या बाजूची पोर्टल व्हेनची शाखा आधीच बुजवायची. रक्त ठेवायच्या बाजूकडे वळतं आणि चारेक आठवड्यांत ती बाजू फुगते. मग कापायचं.

घाई असणाऱ्यांसाठी जर्मन सर्जननी २०१२ साली दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया मांडली: आधी तीच शीर बांधून यकृत विभागायचं, दीडेक आठवड्याने रोगट भाग काढायचा. त्यांच्या २५ रुग्णांत उरणारा भाग नऊ दिवसांत साधारण ७४ टक्के वाढला. तिघे मात्र दगावले. मी अजूनही सुईची वाटच आधी धरतो, आणि ती चार आठवड्यांची आहे म्हणूनच. शीर बुजवूनही यकृत वाढलं नाही, तर मोठ्या ऑपरेशननंतरही त्याच्या वाढीचा भरवसा नसतो. अशा रुग्णाला मी टेबलावर घेत नाही.