बॅटरी आणि बांगड्या

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मी कायद्यावर बोलावं असं ठरलं होतं. कालच्या सत्रात ते पुष्कळ झालं, आणि बोलणाऱ्या माझ्याहून जाणत्या होत्या. म्हणून संयोजकांना विचारून मी गाडीच्या बॅटरीवर बोलणार आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण ऐका.

आपली फिरती गाडी तुम्ही पाहिली आहे. जुनी मिनीबस. मागच्या सीटा काढून दोन बाकडी टाकलीत, त्यांवरच झोपायचं. कोपऱ्यात गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, दोन पंखे, दिवे, माईक आणि प्रोजेक्टर. तुमसर तालुक्यातल्या चिखल्यापासून पवनीपर्यंत आम्ही तिच्यात राहिलोय. पर्यटनवाले अशा गाडीला कॅराव्हॅन म्हणतात. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. आपल्या गाडीत सहल तेवढी नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रोवणीचे दिवस होते. लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या अंगाचं गाव. बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या, त्यामुळे बैठक रात्री आठनंतरच. गावात वीज गेलेली. आम्ही गाडीच्या बॅटरीवर प्रोजेक्टर आणि माईक लावून साडेदहापर्यंत चित्रफीत दाखवली, चर्चा केली. चर्चा फार छान झाली, त्याच खुशीत पंखे आणि एक दिवा चालू ठेवून झोपलो. ड्रायव्हरभाऊ शाळेच्या पडवीत झोपायला गेले. जाताना म्हणाले, "पंखे बंद करा जी, बॅटरी उतरन." आम्ही हो म्हटलं. डास होते, बंद केले नाहीत.

रात्री दोनच्या सुमारास दार वाजलं. संध्याकाळी बैठकीत मागे बसलेली एक बाई, कडेवर पोरगं. कानशील सुजलेलं, कानातून रक्त. म्हणाली, "मले दवाखान्यात न्या." आमच्यातल्या एकीला गाडी चालवता येते, लायसन्स आहे. त्याचा आम्हाला केवढा अभिमान होता! ती स्टिअरिंगवर बसली, किल्ली फिरवली. टक् टक् टक्. दिवा मंद झाला. पुन्हा टक् टक्. मग तेही नाही.

मोबाईलला रेंज नव्हती. भाऊंना उठवून आणलं. ते म्हणाले, धक्का मारून पाहू. एरवी अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्क्याने चालू होते, पण पावसाने चाकं चिखलात रुतलेली. आम्ही चौघी ढकलतोय आणि गाडी जागची हलत नाही. मग आत बसून कडी लावली. थोड्या वेळाने तिचा नवरा आणि आणखी दोघे आले, पत्र्यावर थापा मारत राहिले. भाऊ एकटे दाराशी उभे राहिले, हे सांगायला हवं. उजाडता उजाडता सासू आणि गावातली वडीलधारी माणसं आली. समजूत काढायला लागली. ती तासभर गप्प बसली आणि मग उठली. आमच्याकडे काय होतं तिला द्यायला? बंद गाडी. ती उतरून गेली.

सात वाजता गाडी चालू झाली.

ती कुणी केली ते ऐका. त्या गावात एक विधवा बाई आहेत. नवरा गेल्यावर ट्रॅक्टर विकला नाही, स्वतः चालवतात. रात्री काय झालं ते त्यांना सकाळी कळलं. ट्रॅक्टर आमच्या नाकाशी आणून उभा केला आणि केबलचं भेंडोळं काढलं. पाच मिनिटांचं काम. मी त्यांना म्हटलं, "मावशी, रात्री उठवलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "तुमी इचारलं कोनाले?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला अजून पुरतो. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत मी संसाधनांचे नकाशे काढायला शिकले. गावात कुणाकडे ट्रॅक्टर आहे ते आमच्या नकाशात होतं. पण ट्रॅक्टरपुढे नाव त्यांच्या दिराचं होतं.

आता बॅटरीविषयी. गाडीच्या बॅटरीत सहा खण असतात, प्रत्येक साधारण दोन व्होल्टचा, मिळून बारा. आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाचं आम्ल. ही बॅटरी इंजिनाला उठवण्यासाठी असते: काही सेकंद भरपूर करंट द्यायचा, मग इंजिन चालू झालं की अल्टरनेटर तिला परत भरतो. रात्रभर थोडं थोडं देत राहणं हा तिचा धर्मच नाही. इंजिन बंद ठेवून दिवे-पंखे चालवणं म्हणजे डब्यात पीठ न घालता पोळ्या करत राहणं. आमचा त्या रात्रीचा हिशेब मी नंतर मांडला. प्रोजेक्टर आणि माईक मिळून दहा अँपिअर, अडीच तास, म्हणजे पंचवीस. पंखे आणि दिवा चार अँपिअर, साडेतीन तास, म्हणजे चौदा. एकोणचाळीस झाले. बॅटरीवर ऐंशी लिहिलं होतं, पण ती चार वर्षांची जुनी. निम्मी ताकदही उरली नसावी.

शेपाचशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास बंद असताना काटा १२.६ दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी समजा. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास यायला हवं. आलं नाही तर बॅटरी भरतच नाही, दुखणं अल्टरनेटरकडे आहे. आणि किल्ली फिरवल्यावर दिवे झगझगीत राहिले, नुसता एकच 'टक्' आला, तर आधी टर्मिनल ढिलं आहे का, त्यावर पांढरा-हिरवा थर चढलाय का ते बघा. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा. फराळाच्या डब्यातलाच.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायचं तर दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या हव्यात. मोठ्या ट्रकला बहुधा चोवीस व्होल्ट असतात, त्याला हात जोडा. लाल केबल आधी आपल्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला लावायचं नाही. बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचं. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. म्हणून बिडीवाल्या बघ्यांना आधी लांब करा. ते सल्ला देतच जवळ येतात. चालू झाली की केबल उलट्या क्रमाने काढा आणि गाडी चांगली तासभर चालवा. तरी पोट भरेलच असं नाही, चार्जरवर लावलेली बरी.

पुढे मावशींनाच आम्ही शिकवायला बोलावलं. बॉनेट उघडलं, दहा-बाराजणी भोवती. मी म्हटलं, बांगड्या, मंगळसूत्र, अंगठ्या काढा. सगळ्या गप्प. एक म्हणाली, "नवरा जिता असताना?" झालं, मी सौभाग्यचिन्हांवर सुरू झाले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ सरकारने इतर ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं, सगळं सांगितलं. खरंच होतं ते. मावशींनी मला थांबवलं. "काचेतून करंट नाही जात जी. काचेच्या राहू द्या." मग त्यांनी दाखवलं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण प्लसवरचा पाना आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोन्याची पाटली किंवा अंगठी सापडली तर क्षणात लालबुंद होते. त्यांच्या नवऱ्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा भाजल्याचा डाग होता. म्हणून खोलताना आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, पदर खोचलेला. आम्लाचा थेंब साडीवर पडला तर लगेच दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. बायांनी धातूचं तेवढं काढलं आणि कामाला लागल्या. एकीने मावशींना हात पुढे करायला सांगितलं, तर म्हणाल्या, "माहे हात मोकळेच आहेत." कुणी काही बोललं नाही. त्या पान्याने टर्मिनल आवळत राहिल्या.

आपल्या गाडीला आता दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिनाची, एक दिव्या-पंख्यांची, मध्ये आयसोलेटर. इंजिन चालू असताना दोन्ही भरतात, बंद झालं की वेगळ्या होतात, त्यामुळे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी गाडी उठते. पहिल्या अंदाजपत्रकात आम्ही हे मागितलं होतं. "एका गाडीला दोन बॅटऱ्या कशाला?" असा शेरा आला. आम्ही भांडलो नाही, कारण कशाला ते आम्हालाच नीट सांगता येत नव्हतं. नंतर वर्गणी काढून बसवली. गाड्यांना पूर्वी हँडल मारावं लागे. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेचा सेल्फ बसला, आणि आता बायकाही गाडी चालवू शकतील असं कौतुक झालं. शंभर वर्षं झाली, पण बॉनेटची कडी कुठे असते हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं.

ती बाई पोळ्यानंतर एसटीने, पोराला घेऊन, आपल्या केंद्रावर आली. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत गेला आहे. माहेरी राहते. डाव्या कानाने तिला आता कमी ऐकू येतं. हे त्या रात्रीचं की नंतरचं, ती सांगत नाही.

उद्या सकाळी साडेसातला बॉनेट उघडायचं आहे. मावशी आठच्या आत निघणार आहेत, त्यांना शेतावर जायचंय, तेव्हा चहा नंतर. धातूच्या बांगड्या उशाखाली ठेवून या. काचेच्या असू द्या.