स्वप्नांच्या धन्याच्या हातातलं पिस्तूल

श्रोतेहो, २५ मे १९२६ रोजी पॅरिसमध्ये रू रासीन या रस्त्यावर भरदिवसा एका माणसानं दुसऱ्याला नाव विचारलं आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मग तो पळाला नाही, पोलिसांच्या हवाली झाला. मेला तो सिमॉन पेटल्यूरा, युक्रेनच्या अल्पजीवी स्वतंत्र प्रजासत्ताकाचा परागंदा नेता. मारणारा शोलोम श्वार्झबार्ड. धंद्यानं घड्याळजी, विचारानं अराज्यवादी आणि वृत्तीनं कवी.

श्वार्झबार्ड १८८६ साली बेसारेबियात एका ज्यू घरात जन्मला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढला, जखमी झाला, शौर्यपदक मिळालं. १९१७ च्या क्रांतीनंतर तो रशियात परतला आणि युक्रेनमधल्या यादवीत लढला. तिथं त्यानं ज्यू वस्त्यांची राखरांगोळी पाहिली. फेब्रुवारी १९१९ मध्ये प्रोस्कुरोव या गावी पेटल्यूराच्या फौजेतल्या तुकडीनं काही तासांत सुमारे दीड हजार ज्यूंची कत्तल केली. त्या काळात वेगवेगळ्या फौजांच्या हातून मेलेल्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. त्यात त्याचे नातलगही होते.

१९२० मध्ये तो पॅरिसला परतला, घड्याळं दुरुस्त करू लागला. त्याच वर्षी त्याचा यिडिश कवितासंग्रह निघाला. त्याच्या नावाचा अर्थ 'स्वप्नं आणि वास्तव'. कवी म्हणून त्यानं घेतलेलं टोपणनाव होतं 'बाल खलोमेस', म्हणजे स्वप्नांचा धनी. बायबलमध्ये भाऊ योसेफाला याच शब्दांत हिणवतात. आम्ही मुसलमान त्यालाच हजरत यूसुफ म्हणतो. कुराणाची १२ वी सूरा त्यांच्याच नावाची आहे. भावांनी विहिरीत टाकलेल्या यूसुफांच्या हाती पुढं सत्ता आली, भाऊ समोर उभे राहिले, तेव्हा त्यांनी माफ केलं.

मग या दुसऱ्या स्वप्नाळूनं पिस्तूल का उचललं? यूसुफ स्वतः जिवंत होते, म्हणून माफ करू शकले. प्रोस्कुरोवच्या मेलेल्यांच्या वतीनं माफ कोण करणार? पण मला लगेच दुसरा प्रश्नही पडतो. त्यांच्या वतीनं सूड तरी कुणी घ्यायचा?

ऑक्टोबर १९२७ मध्ये खटला चालला. आरोपीनं खून नाकारलाच नाही. त्याचे वकील आंरी तोरेस यांनी खटल्याचं तोंडच फिरवलं. पिंजऱ्यात उभा होता श्वार्झबार्ड, पण झाडाझडती झाली कत्तलींची. २६ ऑक्टोबरला ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं.

इथं टाळी वाजवून मोकळं होता येत नाही. पेटल्यूरानं कत्तलींविरुद्ध हुकूम काढले होते, त्याच्या सरकारात ज्यूंच्या प्रश्नांसाठी मंत्रिपद होतं. दुसरी बाजू विचारते की फौज त्याची होती, मग तिला वेळीच आवर का घातला नाही? इतिहासकारांचा हा वाद आजही मिटलेला नाही. ज्याच्यावर आरोप होता त्याची बाजू त्याच्या तोंडून ऐकण्याची शक्यताच त्या गोळ्यांनी संपवली. सूड न्यायाची जागा घेतो तेव्हा सत्याचंही असं नुकसान होतं.

या खटल्यावर विचार करणाऱ्यांत राफाएल लेमकिन हा पोलंडमधला तरुण ज्यू कायदेतज्ज्ञ होता. एका माणसाला मारणं गुन्हा आहे, पण एक अख्खा समाज पुसून टाकण्याच्या गुन्ह्याला कायद्यात नाव नाही, हे त्याला सलत राहिलं. १९४४ मध्ये त्यानं ते नाव घडवलं, जेनोसाइड, वंशसंहार. १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला.

श्वार्झबार्ड १९३८ साली केपटाऊनला वारला. त्याच्या कविता आज फार थोडे लोक वाचतात, त्याच्या गोळ्या मात्र सगळ्यांच्या लक्षात आहेत. कवी म्हणून मला याची खंत वाटते. लेमकिनच्या शब्दानं कत्तली थांबल्या नाहीत, हे खरं. पण आता मारणाऱ्यावर आरोप ठेवता येतो, त्याला जिवंतपणी उत्तर द्यायला लावता येतं. शब्द शोधायला वेळ लागतो, श्रोतेहो. तो मिळेपर्यंत धीर धरणं कठीण असतं, आणि ज्यांची माणसं गेली त्यांना तो धीर धरा असं सांगणं त्याहून कठीण.