शिक्क्याची शुभेच्छापत्रं

संक्रांतीसाठी गटात कार्डं करायची तर शिक्का विकतच आणायला हवा असं नाही. शाळेतल्या खोडरबरावर पतंग कोरा. अक्षरं मात्र आरशात दिसतात तशी उलटी कोरायची, नाहीतर ‘गोड बोला’ उलटंच छापलं जाईल!

शिक्का पॅडवर दाबू नका, हलकेच टेकवा. शाई जास्त झाली की रेघा भरून जातात. पहिला ठसा रद्दीवर. कागद जाड घ्या, चकचकीत नको. त्यावर शाई लवकर वाळत नाही, आणि गठ्ठा बांधला की एकीचा रंग दुसरीच्या पाठीवर. अशा कार्डांचे पैसे गिऱ्हाईक कापतं, आणि त्याचं चुकत नाही. रात्रभर दोरीवर चिमटे लावून टांगा. भाव ठरवताना कागद, शाई, पाकीट सगळं धरता. आपले तासही धरा बरं का.