शब्द शेवटच्या बाकापर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी आयुष्यभर वर्गात शिकवले. म्हणूनच गोंगाटात बोललेले कितपत कळते, हा विषय मी आज निवडला आहे.

महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सर्व बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल वर्गात आले. पण शिक्षकांचा शब्द त्याच्या कानी नीट पडतो का, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे गणित प्रथम टेलिफोनसाठी मांडले गेले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर यांनी त्याचा पाया घातला आणि १९४७ साली फ्रेंच व स्टाइनबर्ग यांनी ते प्रसिद्ध केले. बोलण्यातील कंपनसंख्यांचे, आकलनाला सारखाच हातभार लावणारे वीस पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यातील आवाज गोंगाटाच्या किती वर राहतो ते पाहायचे आणि बेरीज शून्य ते एक या मापात मांडायची. पुढे १९७० च्या दशकात हॉलंडमधील हाउटगास्ट व स्टेनेकेन यांनी घुमण्याचाही हिशेब केला. बोलण्यात सतत चढउतार असतात. मागील अक्षराचा घुमार पुढच्या अक्षरावर पसरला की ते पुसट होतात.

आपल्या भाषेत स्वर दणकट आणि व्यंजने नाजूक. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतील भेद एका श्वासाएवढा. पंख्याच्या घरघरीत तो सहज हरवतो. प्रौढ माणूस संदर्भावरून तो भरून काढतो. लहान मुलाला, किंवा घरी मराठी बोलून गुजराती अथवा इंग्रजीतून शिकणाऱ्याला, हे तितके साधत नाही. मापाचा आकडा एकच असला, तरी कळणे सर्वांचे सारखे नसते.

अमेरिकेत २००२ साली ठरलेल्या मानकानुसार नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गातील गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा आणि घुमण्याचा काळ ०.६ सेकंदापेक्षा अधिक नसावा. उंच छत, फरशी व गिलाव्याच्या भिंती असलेल्या आपल्या वर्गांना हे कठीण आहे. पण मागील भिंतीवर मऊ फलक, जाड पडदे, पंख्यांची देखभाल आणि रस्त्याकडील खिडकी मिटणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नाही’ हा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी एकदा शेवटच्या बाकावर बसून सहकाऱ्याचा पाठ ऐकावा, एवढीच माझी नम्र विनंती आहे. दोष मुलाचा की खोलीचा, हे तेथे कळू शकेल. असे करणे हीच गुरुजींना खरी आदरांजली ठरेल.